गजाआडचा आवाज आणि ऐकणारे दोन कान

तुरुंगात जन्मलेल्या ग्रंथांची मराठी वाचकाला चांगली ओळख आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या कारागृहात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून काढले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून पुरी केली. या ग्रंथांविषयी आपण अभिमानाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हे सारे लेखणीचे वाङ्मय. कागद आणि पेन्सिल हाती असली म्हणजे कैदी एकांतातही लिहू शकतो. ज्याची कला कागदावर नसून जिभेवर आहे, जो बोलतो किंवा गातो, त्याने तुरुंगात काय करावे? शब्द तोंडातून निघाला की हवेत विरतो, आणि भिंती तर दगडी असतात.

२०२० साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात या प्रश्नाला एक विलक्षण उत्तर मिळाले. तेथील एका तरुण गायकाने तुरुंगातील दूरध्वनीवरून आपला संपूर्ण अल्बम गाऊन बाहेर पाठविला. त्या गाण्यांचा प्रकार 'हिपहॉप' किंवा 'रॅप' या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे पुष्कळ सुशिक्षित माणसे या संगीताला नाक मुरडतात. तरीही खानदेशच्या वाचकाने या अल्बमची हकीकत समजून घेण्याजोगी आहे. कारण तिच्यातला मुख्य प्रश्न त्याच्या अठ्ठ्याऐंशी वर्षे आधी आपल्याच धुळ्याच्या तुरुंगात उभा राहिला होता, आणि त्याचे एक सुंदर उत्तरही तेथेच मिळाले होते.

रॅप हा प्रकार काय आहे

प्रथम या संगीताची थोडी ओळख करून घेऊ. हिपहॉपचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला, असे मानतात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी 'कूल हर्क' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने तेथील एका इमारतीत तबकड्या वाजवून नाचाचा कार्यक्रम केला. तो दिवस या संगीताचा वाढदिवस समजला जातो. गाण्यातील तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर यमकबद्ध शब्द भराभर बोलायचे, ही याची मूळ रीत. येथे सुरापेक्षा लयीला आणि लयीपेक्षाही शब्दाला महत्त्व असते. वस्तीतील दारिद्र्य, पोलिसांशी येणारे संबंध, टोळ्यांची भांडणे, स्वतःची फुशारकी, प्रतिस्पर्ध्याची टर असे सगळे विषय त्यात येतात.

हे वाचून आपल्या मातीतील काही गोष्टी आठवल्यावाचून राहत नाहीत. शाहिरी परंपरेतील कलगी-तुऱ्याचे सामने म्हणजे तरी दुसरे काय होते? एका फडाने कोडे घालायचे, दुसऱ्याने ते सोडवून उलट टोला हाणायचा, आणि आपल्यापुढे समोरचा शाहीर म्हणजे कस्पट आहे असे डफावर थाप मारून सांगायचे. त्या गर्जना ऐकून कोणी शाहिरावर दमदाटीची फिर्याद केली नाही. ती कवनाची रीत आहे, हे श्रोत्यांना ठाऊक होते.

येथे एक मुद्दा ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढे सारा वाद त्यावरच आहे. गाण्यातला 'मी' आणि गाणारा माणूस हे एकच असतात असे नाही. होनाजी आणि राम जोशी यांनी लावणीत स्त्रीच्या तोंडी 'मी' घातला. एकनाथांनी भारुडात विंचू चावल्याचे सांगितले, म्हणून नाथांना खरोखर विंचू चावला होता की काय याचा शोध कोणी घेत नाही. सोंग कोणते आणि माणूस कोणता, हे आपला श्रोता जन्मतःच ओळखतो. रॅपमधील 'मी'सुद्धा पुष्कळदा असाच घेतलेला असतो. त्यात गायकाच्या जगण्याचा अंश असतो, तशीच अतिशयोक्ती असते, बढाई असते आणि निव्वळ कल्पनाही असते.

दूरध्वनीवरचा अल्बम

आता मूळ हकीकतीकडे वळू. 'ड्रेकिओ द रूलर' हे टोपणनाव घेतलेल्या या गायकाचे खरे नाव डॅरेल कॉल्डवेल. जन्म १९९३ चा, लॉस एंजेलिसचा. पुटपुटल्यासारखे, तालाच्या किंचित मागे-पुढे रेंगाळत बोलणे आणि स्वतः घडविलेल्या शब्दांची रेलचेल, ही त्याची शैली. त्याच्या वस्तीबाहेरच्या माणसाला त्यातले निम्मे शब्द कळतही नसत.

डिसेंबर १९१६ नव्हे, अगदी अलीकडच्या, २०१६ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसजवळच्या कार्सन येथे एका मेजवानीच्या ठिकाणी गोळीबार झाला आणि त्यात एका तरुणाचा बळी गेला. २०१८ साली या प्रकरणात ड्रेकिओवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. गोळी त्याने झाडली असे सरकार पक्षाचे म्हणणे नव्हते. त्याचा मूळ बेत एका प्रतिस्पर्धी गायकाला मारण्याचा होता आणि त्यातून हा दुसराच माणूस मारला गेला, अशी मांडणी करण्यात आली. तो प्रतिस्पर्धी त्या रात्री तेथे हजरही नव्हता. आपला दावा बळकट करण्यासाठी सरकारी वकिलांनी गाण्यांचा आधार घेतला. प्रतिस्पर्ध्याला बांधून मोटारीत घातल्याची बढाई मारणाऱ्या एका गाण्यातील शब्द ज्यूरीपुढे ठेवण्यात आले. 'स्टिंक टीम' हे त्याच्या गायक मित्रांचे मंडळ. ते मंडळ नसून गुन्हेगारांची टोळी आहे, असेही प्रतिपादन झाले.

जुलै २०१९ मध्ये ज्यूरीने त्याला खून व खुनाचा प्रयत्न या आरोपांतून मुक्त केले. काही उरलेल्या आरोपांवर मात्र ज्यूरीचे एकमत झाले नाही. सरकार पक्षाने ते आरोप पुन्हा दाखल केले आणि सुटकेच्या उंबरठ्यावर आलेला माणूस पुन्हा कोठडीतच राहिला. या सगळ्या काळात बरेच दिवस त्याने एकांतकोठडीत काढले.

या परिस्थितीत अल्बम तयार झाला. 'जूगसीझन' या नावाने काम करणारा त्याचा संगीतकार मित्र बाहेर होता. तुरुंगातून ड्रेकिओ दूरध्वनी करी आणि आपले शब्द बोलून दाखवी. मित्र ते ध्वनिमुद्रित करून वाद्यसंगीताशी जुळवी. तुरुंगाच्या दूरध्वनीचा आवाज कसा असतो, याची कल्पना करता येईल: बारीक, कोंदट, खरखरीचा. मध्येच यंत्रातील ठरावीक आवाज येऊन सांगतो, हे संभाषण तुरुंगातून होत आहे आणि ते मुद्रित केले जात आहे. हे व्यत्यय गाळून टाकण्याऐवजी त्या दोघांनी ते अल्बममध्येच राहू दिले. इतकेच नव्हे, तर अल्बमचे नावही तेथूनच घेतले. कैद्यांना पैसे आकारून दूरध्वनीसेवा पुरविणाऱ्या 'ग्लोबल टेल लिंक' या खासगी कंपनीचे यंत्र त्या वेळी आपली सेवा वापरल्याबद्दल आभार मानत असे. ते आभाराचे वाक्य, 'थँक यू फॉर यूझिंग जीटीएल', हेच अल्बमचे शीर्षक झाले. ५ जून २०२० रोजी तो प्रसिद्ध झाला. त्या वेळी गायक तुरुंगातच होता आणि पुढचा खटला उभा राहायचा होता.

दूरध्वनीवरून गाण्याची ही पहिलीच वेळ मात्र नव्हे. १९९२ साली कॅलिफोर्नियातीलच 'मॅक ड्रे' या गायकाने फ्रेस्नोच्या तुरुंगातून असाच प्रयोग केला होता. १९९५ साली टुपाक शकूर या विख्यात गायकाचा 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड' हा अल्बम तो तुरुंगात असताना बाहेर पडला आणि अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पण त्याचे ध्वनिमुद्रण शिक्षा होण्यापूर्वीचे होते. ड्रेकिओच्या अल्बमचे वेगळेपण असे की त्यातील ध्वनिमुद्रण चांगले समजले गेले. समीक्षकांनी त्या खरखरीला दोष मानले नाही. कोठडीतल्या माणसाचा आवाज कोठडीतून आल्यासारखाच ऐकू येतो, हेच त्याचे बळ ठरले.

या प्रसंगातील एक विसंगती विचार करण्याजोगी आहे. एकाच तारेवर एकच आवाज वाहत होता आणि तो दोन ठिकाणी मुद्रित होत होता. एक यंत्र तुरुंगाचे होते. तेथील मुद्रणे सरकारी वकिलांना पुराव्यादाखल मिळू शकतात, हे प्रत्येक कैद्याला ठाऊक असते. दुसरे यंत्र मित्राचे होते. शब्द तेच, क्षण तोच. पण एक कान पकडण्यासाठी लावलेला होता आणि दुसरा जपण्यासाठी. गायकालाही याची पुरती जाणीव होती. त्या अल्बममधील शेवटच्या गाण्याचे नावच 'फिक्शनल', म्हणजे 'काल्पनिक' असे आहे.

धुळ्याच्या तुरुंगातील अठरा रविवार

आता आपल्याकडे येऊ. १९३२ च्या आरंभी सविनय कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली आणि खानदेशातील व बाहेरील अनेक कार्यकर्ते धुळ्याच्या तुरुंगात येऊन पडले. त्यांत विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील शिक्षकाची नोकरी १९३० साली सोडून चळवळीत उतरलेले पांडुरंग सदाशिव साने हेही होते. राजबंद्यांच्या इच्छेवरून विनोबांनी दर रविवारी गीतेवर बोलावे असे ठरले. २१ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी पहिले प्रवचन झाले आणि १९ जूनच्या रविवारी अठरावे. अध्याय अठरा, रविवारही अठरा.

विनोबांनी ही प्रवचने लिहून आणली नव्हती. ती समोरच्या माणसांशी केलेली बोलणी होती. तीत आईच्या आठवणी येत, शेतातले, घरातले, चुलीपाशीचे दाखले येत. बोलणे संपले, सारे आपापल्या बराकीत परतले, की तेथेच त्या शब्दांचा शेवट व्हायचा. तसा तो झाला नाही, याचे कारण श्रोत्यांमध्ये बसलेले साने गुरुजी. विनोबा बोलत आणि गुरुजी झरझर लिहून घेत. पुढे विनोबांनी तो मजकूर तपासला आणि 'गीता-प्रवचने' हे पुस्तक झाले. त्याची भारतातील अनेक भाषांत भाषांतरे झाली आणि लाखो घरांत ते पोचले.

हे पुस्तक हाती घेणाऱ्याला एक गोष्ट जाणवते: लिहून काढलेले असूनही ते बोलल्यासारखे वाटते. वाक्ये आखूड आहेत, प्रश्न विचारून उत्तर दिलेले आहे, तीच गोष्ट दोनदा सांगितलेली आहे. एखाद्या पंडित लेखनिकाने हे सारे 'सुधारून' टाकले असते आणि आपल्या हाती एक कोरडा निबंध आला असता. गुरुजींनी विनोबांचा शब्द घेतला तसाच त्यांचा सूरही घेतला. लॉस एंजेलिसच्या त्या संगीतकाराने खरखर पुसून टाकली नाही, त्यामागची समज हीच आहे. ज्या जागी शब्द उच्चारला गेला, त्या जागेची खूण शब्दावर राहू द्यावी, ही ती समज.

गुरुजींच्या अंगी हा गुण कोठून आला असावा? एक तर्क करता येतो. अमळनेरच्या छात्रालयात असताना ते मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत. दिवसभर मुलांमध्ये वावरायचे, त्यांचे ऐकायचे आणि रात्री लिहायचे, हा त्यांचा क्रमच होता. १९३० मध्ये तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात गेल्यावर ते तमिळ शिकले आणि पुढे त्यांनी तिरुक्कुरळाचा मराठी अनुवाद केला. तुरुंगात गेल्यावर इतरांचे ऐकावे, ही त्यांची वृत्ती होती. 'श्यामची आई' तरी कशी रचली आहे? ती रात्रीमागून रात्र मित्रांना सांगितलेल्या आठवणींच्या रूपात आहे. म्हणजे जे पुस्तक त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, तेही सांगणारा आणि ऐकणारे अशा बैठकीतच त्यांनी मांडले.

जळगावकरांना या संदर्भात आणखी एक उदाहरण आठवेल. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचीत, आणि त्यांचे पुत्र सोपानदेव व घरातील मंडळींनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. तेथे तुरुंग नव्हता, खटला नव्हता. पण टिपणारा हात नसता तर ते सारे काव्य मातीत गेले असते. मौखिक कलेला दोन कर्ते लागतात, एक बोलणारा आणि एक ऐकणारा, हे खानदेशाला इतरांनी शिकवायला नको.

एक आक्षेप

येथे एखादे प्राध्यापक विचारतील, 'गीता-प्रवचने कोठे आणि हे रॅपगीत कोठे?' आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. विनोबा सत्याग्रही होते. त्यांनी कायदा उघडपणे मोडला आणि शिक्षा हसत स्वीकारली. ड्रेकिओवरचा आरोप माणूस मारल्याचा होता, आणि एका घरातला तरुण मुलगा खरोखर गेला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ड्रेकिओची सुटका झाली तीही तडजोडीने, मोटारीतून झालेल्या गोळीबारासंबंधीचा आरोप मान्य करून. सुटकेनंतर त्याला जेमतेम एक वर्ष मिळाले. १८ डिसेंबर २०२१ रोजी लॉस एंजेलिसमधील एका संगीतमहोत्सवात रंगमंचामागे त्याच्यावर सुऱ्याने हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी अठ्ठाविसाव्या वर्षी तो मरण पावला. त्याच्या गीतांतून जे जग दिसते ते हिंसेचे आहे आणि त्या हिंसेने त्याचाही घास घेतला.

तेव्हा येथे व्यक्तींची तुलना करावयाची नाही. तुलना आहे ती ऐकण्याची. कोठडीत असलेल्या माणसाचा शब्द आपण कोणत्या कानाने ऐकतो, एवढाच येथे प्रश्न आहे. आणि हा प्रश्न सज्जन कैद्यापुरता मर्यादित ठेवता येत नाही. ज्याच्याविषयी आपले मत आधीच चांगले आहे, त्याचे बोलणे नीट ऐकून घेण्यात फारसे काही विशेष नाही. कसोटी लागते ती ज्याची भाषा आपल्याला रुचत नाही, त्याच्या वेळी.

दुसरा कान

पकडण्यासाठी लावलेल्या कानाचा अनुभव मराठीलाही आहे. १९०८ साली 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. लेख मराठी होते आणि ज्यूरीतील बहुसंख्यांना मराठी येत नव्हते. त्यांच्यापुढे आले ते सरकारी भाषांतर. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावर वाद घातला. मूळ शब्दाला जी छटा नाही ती भाषांतरात आली आहे, हे त्यांच्या बचावातील एक प्रमुख सूत्र होते. अखेर नऊपैकी सात ज्यूरर, जे युरोपियन होते, त्यांनी दोषी म्हटले; दोन पारशी गृहस्थांनी निर्दोष म्हटले. २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या भाषेत अपराध घडला असे म्हणायचे, ती भाषाच निवाडा करणाऱ्याला येत नाही, असा तो प्रकार होता. लॉस एंजेलिसच्या न्यायालयात वस्तीची बोली न समजणाऱ्यांपुढे गाण्यांचा सरळ शब्दार्थ ठेवला गेला, तेव्हाही याहून फार वेगळे घडले नाही. साने गुरुजींनाही हा कान चुकला नाही. त्यांच्या 'पत्री' या कवितासंग्रहावर इंग्रज सरकारने जप्ती आणली होती.

ही सगळी परक्या राजवटीतील किंवा परदेशातील उदाहरणे, असे कोणी म्हणेल. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्याच महाराष्ट्रात दोन रॅप गायकांवर गुन्हे नोंदले गेले. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाने राज्यातील सत्तांतरावर एक मराठी रॅपगीत प्रसिद्ध केले होते; त्यावरून अंबरनाथ येथे गुन्हा दाखल झाला. उमेश खाडे या मुंबईच्या तरुणाच्या गीतावरून वडाळ्याच्या पोलिसांनी गुन्हा नोंदवला. दोन्ही गीतांत राज्यकर्त्यांवर टीका होती, भाषा रस्त्यावरची होती, काही ठिकाणी ती शिवराळही होती. मुंगासे यांच्या गीतात 'खोके' हा शब्द होता. आता 'खोके' म्हणजे काय? कोशात पाहिले तर लाकडी किंवा पुठ्ठ्याची पेटी. मुंबईच्या बोलीत एक खोका म्हणजे एक कोटी रुपये. आणि २०२२ च्या जूननंतर विरोधी पक्षांच्या घोषणेत येऊन त्याच शब्दाला राजकीय आरोपाचा अर्थ चिकटला. शब्द एक आणि अर्थ तीन. त्यातील कोणत्या अर्थाने गुन्हा होतो, आणि होतो की नाही, हे ठरविण्यापूर्वी गाणे कोणीतरी नीट ऐकायला हवे.

नीट ऐकण्याचा कायदा

येथे कायद्याची बाजू थोडी समजून घेतली पाहिजे. आपल्या संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी अशा कारणांसाठी वाजवी निर्बंधही सांगितले आहेत. म्हणजे गाणे आहे म्हणून काहीही चालेल, असे नाही. प्रश्न मापाचा आहे. एखाद्या शब्दाने शांतता भंगते की नाही, हे कोणाच्या कानाने ठरवायचे? लगेच भडकणाऱ्याच्या, की समंजस माणसाच्या?

या प्रश्नाचे जे उत्तर आज देशभर मानले जाते, ते आपल्या नागपुरातून गेले आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात भगवतीचरण शुक्ल यांचा खटला चालला. तेथे न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी असे माप घालून दिले की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसावर काय होईल ते पाहावे. दुबळ्या, डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसावर काय होईल ते पाहू नये. १९८८ मध्ये 'तमस' या दूरदर्शन मालिकेवर बंदी घालावी अशी मागणी झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी ती मालिका स्वतः पाहिली आणि मगच निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरताना नागपूरचेच माप वापरले. २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी यांच्यावरील गुन्हा रद्द करताना न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी पुन्हा त्याच मापाचा आधार घेतला. ते प्रकरण एका उर्दू कवितेचे होते. न्यायालयाने त्या कवितेचे भाषांतर निकालपत्रात देऊन तिचा अर्थ काय होतो ते पाहिले. शिवाय, तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अशा शब्दविषयक गुन्ह्यांत प्रथमदर्शनी काही तथ्य आहे की नाही याची प्राथमिक चौकशी पोलिसांनी आधी करणे उचित ठरते, असेही सांगितले. साध्या मराठीत याचा अर्थ एवढाच: आधी ऐका, समजून घ्या, मग लेखणी उचला.

कॅलिफोर्नियानेही या दिशेने पाऊल टाकले. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथे एक कायदा मंजूर झाला. एखादे गीत, कविता किंवा अन्य कलाकृती पुरावा म्हणून घेण्यापूर्वी तिचे पुराव्यादाखल मूल्य किती आणि तिच्यामुळे ज्यूरीच्या मनात पूर्वग्रह किती निर्माण होईल, याचा न्यायाधीशाने विचार केला पाहिजे, असे तो सांगतो. तो अमलात आला तेव्हा ड्रेकिओला जाऊन वर्ष झाले होते.

उपसंहार

आज आपल्या जिल्ह्यांतील कितीतरी मुले भ्रमणध्वनीवर अहिराणीत आणि मराठीत गाणी रचतात. कापसाचा भाव, केळीचे नुकसान, भरती परीक्षा, गावातले पुढारी हे त्यांचे विषय. त्यातले पुष्कळ कच्चे असते, काही उथळही असते. परंतु या मुलांपैकी एखाद्यावर उद्या कोणी फिर्याद केली, तर त्याचे गाणे प्रथम कोण ऐकेल? ज्याला अहिराणी येत नाही असा अधिकारी, की ज्याला तिचा शब्द आणि सूर दोन्ही कळतात असा कोणी? हे काम भाषेच्या विद्यार्थ्यांचे आणि अध्यापकांचे आहे. बोलीतील शब्दाचा नेमका अर्थ सांगणे, सोंग आणि माणूस यांतील फरक दाखवून देणे, वाईट कवितेला वाईट म्हणणे पण तिला गुन्हा म्हणू न देणे, हे आपण शिकतो त्या विषयाचेच काम आहे.

धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवार एक शिक्षक खाली मान घालून लिहीत बसला होता. त्या वेळी बोलणाऱ्याचा लौकिक मोठा होता आणि लिहिणारा अजून 'श्यामची आई'चा कर्ता व्हायचा होता. तरी त्या वहीवाचून आज आपल्यापाशी ते अठरा रविवार उरले नसते.